क्लिनिकल स्किल्सचं अ‍ॅप, सात महिने वापरून: बेलचं बटण आणि माझी बोटं

मागच्या आठवड्यात मिरजेत मेडिसिनच्या पोस्टिंगला मायट्रल स्टेनोसिसची (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होते ती) केस मिळाली. जतकडच्या मावशी, चार पायऱ्या चढल्या की दम लागायचा. पेशंट तपासायचा सराव करायच्या या अ‍ॅपवर हीच केस मी वीसेक वेळा सोडवली होती, दर वेळी पूर्ण गुण. मावशींना डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून धरायला सांगितला, एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, स्टेथोस्कोपची बेल (वाटीसारखी बाजू) ठेवली. पहिला ठोका मोठा वाजत होता. बाकी काही नाही.

सरांनी माझ्या बोटांकडे बघितलं. "दाबू नकोस गं, नुसती टेकव."

हात सैल सोडला आणि तो खालच्या पट्टीतला मर्मर (झडपेतून रक्त जातानाची घरघर) आला, लांबच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर जावा तसा.

बेल जोरात दाबली की खालची कातडी ताणली जाते आणि डायफ्रॅमचं (स्टेथोस्कोपच्या चपट्या, पडद्याच्या बाजूचं) काम करायला लागते; खालच्या पट्टीतले आवाज गाळले जातात. अ‍ॅपनं हे सात महिन्यांत एकदाही सांगितलं नाही. तिथं 'बेल' लिहिलेलं बटण आहे, टॅप केलं की झालं. सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबायचंही, तेच. मिनिटाला 100 ते 120 हा वेग स्क्रीनवर टॅप करून अंगात भिनतो, पण 5 ते 6 सेंटिमीटर छाती दाबायला खांद्यातून किती जोर लागतो ते पुतळ्यावर ओणवं झाल्यावरच कळतं.

वर्षाचे 3,600 रुपये भरलेत, माझ्या मेसचे सव्वा महिन्याचे. पहिल्या महिन्यात तर हा मर्मर ऐकूच येईना. तक्रार केली की एकच उत्तर, अ‍ॅप काढून परत टाका. तीनदा टाकलं. शेवटी एका पीजी दादानं सांगितलं की फोनच्या स्पीकरमधून इतका खालचा आवाज नीट निघतच नाही. स्टेशनसमोरून 250 चे वायरवाले इअरफोन आणले, काम झालं. ही एक ओळ कंपनीला पहिल्या पानावर छापता येत नव्हती? त्या रागात मी एक तारा देऊन टाकला होता.

तो आता चार केलाय. वॉर्डात एका पेशंटभोवती आम्ही बाराजण, तिसऱ्यानंतर पेशंट कंटाळतो, आणि त्याचं बरोबरच आहे. अ‍ॅपवर रात्री दोनला तोच ठोका पन्नास वेळा ऐकता येतो. एओर्टिक रिगर्जिटेशनला (एओर्टिक झडप गळते तेव्हा) पेशंट बसवून पुढं वाकवायचा, हे आता आठवावं लागत नाही. मावशींना कुशीवर वळवायचं मला न सांगता सुचलं, ते अ‍ॅपमुळंच.

हिस्टरीचा, म्हणजे पेशंटला विचारून आजाराची माहिती घ्यायचा, भाग मात्र कच्चा. त्यातला पेशंट स्वच्छ इंग्रजीत "तीन महिन्यांपासून" म्हणतो. आमच्याकडं "बेंदराच्या आधीपासनं" म्हणतात, सीमेपलीकडचे अर्धं कन्नडमध्ये सांगतात.

बेलच्या बटणावर दाब कमी-जास्त करायची सोय द्या, असं कंपनीला लिहिलंय. जूनमध्ये परत पैसे भरणार आहे. एका लॉगिनवर दोन फोन चालतात, त्यामुळे रूममेटबरोबर निम्मे-निम्मे.