चारशे रुपयांत हातांचे माप: रत्नागिरीतील एका बॉक्सिंग वर्गाच्या शरीरमापन सेवेविषयी

रत्नागिरी शहरातील एका बॉक्सिंग वर्गाने या उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी शरीरमापनाची सेवा सुरू केली असून, ४०० रुपयांत उंची, वजन, बसल्यावरची उंची आणि दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून त्याचा एक छापील कागद हाती दिला जातो. माझी १३ वर्षांची पुतणी गेले आठ महिने या वर्गात जाते. मे महिन्यात मी तिला मापनासाठी घेऊन गेलो आणि नंतर त्या कागदातील आकडे घरी पुन्हा तपासले. वर्गाचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा मी पुढे सांगणार आहे त्या हेतूच्या नव्हेत, पद्धतीच्या आहेत, आणि त्यांपैकी काही वर्गाने पुढे दुरुस्तही केल्या.

कागदाचा सगळा भर एकाच आकड्यावर आहे: हातांचा पसारा भागिले उंची. प्रशिक्षक पसाऱ्याला ‘रीच’ किंवा पोच म्हणतात आणि या आकड्याला ‘रीच’चे गुणोत्तर. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना हे माप नवे नाही. माझे आजोबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. पाण्याची खोली आणि दोराची लांबी ते वावांनीच सांगत, आणि वाव म्हणजे छातीसमोर दोन्ही हात ताणून धरल्यावर मावेल तेवढा दोर. नवा दोर आला की तो होडीवरच्या एकाच माणसाने मोजायचा, दोघांनी नाही, असा त्यांचा दंडक होता, कारण दोन माणसांच्या वावांत वीतभराचा फरक सहज पडतो. पसारा आणि उंची सारखी असते ही समजूतही जुनी आहे; लिओनार्दो दा विंचीने १४९०च्या सुमारास काढलेल्या वर्तुळ-चौकोनातील माणसाच्या चित्रामागे तीच आहे. प्रत्यक्षात प्रौढ माणसांत पसारा उंचीपेक्षा थोडा अधिक भरतो आणि लहान मुलांत थोडा कमी.

आता प्रत्यक्ष मापनाविषयी. आम्ही संध्याकाळी सहाला गेलो तेव्हा पुतणीचा दीड तासाचा सराव नुकताच संपला होता आणि हॉलमध्ये घामट उकाडा होता. उंची भिंतीला लावलेल्या पट्टीवर घेतली, ते योग्यच झाले. हातांचा पसारा मात्र हॉलच्या मध्यभागी, शिंप्याकडे असते तशा कापडी टेपने, छातीवरून घेतला. एका बाजूला एक मुलगा टेपचे टोक धरून उभा होता आणि दुसऱ्या बाजूला मदतनीस. टेप छातीच्या गोलाईवरून गेली की आकडा वाढतो आणि मध्ये लोंबली तरीही वाढतो. कागदावर उंची १५२.४ सेंटिमीटर, पसारा १५६.० सेंटिमीटर, गुणोत्तर १.०२ आणि पुढे शेरा: ‘उत्कृष्ट पोच’.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी, अनवाणी, पाठ भिंतीला टेकवून, तळवे समोर ठेवून आणि पोलादी टेप वापरून मी मोजले तेव्हा उंची १५३.१ आणि पसारा १५४.६ आला. गुणोत्तर १.०१. उंचीतील फरक समजण्यासारखा आहे. दिवसभर उभे राहून आणि दोरीवरच्या उड्या मारून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळची उंची सकाळपेक्षा सेंटिमीटरभर कमी भरू शकते. पसाऱ्यातील दीड सेंटिमीटर मात्र केवळ टेपचा होता. वर्गाच्या श्रेणीत १.०२ च्या पुढे ‘उत्कृष्ट’ (कागदावरचे १.०२ नेमके भागले तर १.०२४ येते) आणि १.०० ते १.०२ ‘सरासरी’ असल्यामुळे, दोन्ही बाजूंच्या या छोट्या चुकांनी मुलीची श्रेणीच बदलली. इतक्या अरुंद पट्ट्यांवर शेरे द्यायचे असतील तर माप निदान अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत खात्रीचे हवे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

याहून मोठी अडचण शेऱ्याच्या अर्थात आहे. हॉलच्या भिंतीवर नामवंत खेळाडूंची उंची आणि रीच लिहिलेला एक तक्ता आहे आणि पालकांना तो आवर्जून दाखवला जातो. तक्ता चांगला आहे, पण त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो त्यातच खोटा ठरतो. मिश्र मार्शल आर्ट्समधल्या जॉन जोन्सची उंची ६ फूट ४ इंच आणि रीच साडेचौऱ्याऐंशी इंच, म्हणजे गुणोत्तर १.११; बॉक्सर सनी लिस्टन त्याच्याहून तीन इंचांनी बुटका, तरी रीच ८४ इंच. या दोघांची नावे ठळक अक्षरांत आहेत. त्याच तक्त्यात खाली, बारीक अक्षरांत, बॉक्सर रॉकी मार्सियानो आहे: उंची सुमारे ५ फूट १० इंच आणि रीच ६८ इंचांच्या आसपास, म्हणजे पसारा उंचीपेक्षाही कमी. या वर्गाच्या कागदावर त्याला ‘कमी पोच’ असा शेरा मिळाला असता, आणि तो १९५६ मध्ये ४९ पैकी ४९ लढती जिंकून हेवीवेट विजेता म्हणूनच निवृत्त झाला.

गुणोत्तराविषयी माझा मूळ आक्षेप टायसन फ्युरी आणि ओलेक्सांद्र उसिक या दोन हेवीवेट बॉक्सरांच्या आकड्यांतून नीट मांडता येतो. फ्युरी ६ फूट ९ इंच, रीच ८५ इंच; उसिक ६ फूट ३ इंच, रीच ७८ इंच. भागाकार केला तर एकाचे १.०५ आणि दुसऱ्याचे १.०४, म्हणजे कागदावर दोघे जवळपास जुळे भाऊ. रिंगमध्ये मात्र त्यांच्या पसाऱ्यात तब्बल सात इंचांचे अंतर होते. ठोसा लागतो तो प्रतिस्पर्ध्याच्या हनुवटीला, स्वतःच्या उंचीला नव्हे. त्यामुळे खेळाडूने आपला पसारा स्वतःच्या उंचीशी ताडून पाहण्यापेक्षा त्याच वजनगटातील इतरांच्या पसाऱ्याशी ताडून पाहिला तर काही उपयोगाचे हाती लागते. आणि तेवढ्यानेही निकाल ठरत नाही: २०२४ च्या मे आणि डिसेंबरमध्ये रियाधला या दोघांत झालेल्या दोन्ही लढती डावखुऱ्या उसिकने जिंकल्या, पायांच्या हालचालीवर आणि कोनावर.

पसाऱ्याचा आकडा फसवा असण्याचे आणखी एक कारण पालकांना कोणी सांगत नाही. पसाऱ्यात दोन हात आणि मधल्या खांद्यांची रुंदी असे सगळे धरलेले असते, ठोसा मात्र एका वेळी एकाच हाताने बसतो. २०१५ च्या जानेवारीत जोन्स आणि त्याच्याच खेळातला डॅनिएल कॉर्मिये लढले तेव्हा त्यांच्या रीचमध्ये १२ इंचांचा फरक सांगितला जात होता. एका हाताच्या वाट्याला त्यातले साधारण सहा इंच येतात, आणि खांदे किती रुंद आहेत यावर तेही कमी-जास्त होतात. सहा इंचही थोडे नाहीत, हे मान्य. पण लांब हातांना आत, अगदी जवळ शिरलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर कोपर दुमडून ठोसा काढायला जागा कमी पडते, आणि मार्सियानोसारख्यांचा सगळा खेळ त्या जागेवर उभा होता.

आपल्याकडचे उदाहरण तक्त्यात नाही, ते असायला हवे होते. मेरी कोमने २००२ ते २०१० या काळात ४८ किलो आणि त्याखालच्या गटांत पाच जागतिक विजेतेपदे मिळवली, पण २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांचा सर्वांत खालचा गट ५१ किलोंचा असल्यामुळे तिला तिच्याहून उंच मुलींशी लढावे लागले. उपांत्य फेरीत ती ब्रिटनच्या निकोला ॲडम्सकडून हरली आणि कांस्यपदक घेऊन आली. रीचचा प्रश्न वजनगटाशी कसा जोडलेला आहे हे मुलींना यातून पटकन कळले असते.

याच हॉलमध्ये सकाळी कबड्डीची मुले येतात आणि त्यांनाही हाच कागद, हेच शेरे देऊन विकला जातो. चढाई करणाऱ्याला हाताने गडी टिपताना लांबी उपयोगी पडते, एवढ्यावर तो खपतो. पकड करणाऱ्या मुलाला ‘कमी पोच’ सांगून काय साधते, ते मला कळले नाही.

तेरा वर्षांच्या मुलीला शेरा द्यावा का, हा वेगळा मुद्दा आहे. वयात येताना हातपाय आधी लांबतात आणि धड मागाहून वाढते, त्यामुळे या वयातील गुणोत्तर वर्षभरात बदलू शकते. कागदाच्या शेवटी मात्र ‘लांबून खेळण्याची शैली सुचवली जाते’ असे छापलेले आहे. आठ महिन्यांच्या खेळाडूची शैली टेपने ठरवू नये. ‘काका, मग मी आत शिरायचं शिकू नको का?’ असे तिने रिक्षात विचारले, तेव्हा हा परिणाम माझ्या लक्षात आला.

एक ओळ कागदात नाही आणि असायला हवी. गुणोत्तर १.०५ च्या वर असणे हे मार्फान सिंड्रोमच्या (शरीरातील जोडणाऱ्या ऊती कमकुवत करणारा आणि हृदयाजवळच्या महाधमनीला धोका पोहोचवणारा आनुवंशिक विकार) वैद्यकीय निकषांपैकी एक लक्षण आहे. एकट्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही आणि असे अनेक खेळाडू ठणठणीत असतात. पण मूल फार उंच, सडपातळ, लांब बोटांचे असेल आणि दृष्टीचीही तक्रार असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्यावी. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन १९८६ मध्ये जपानमध्ये सामन्यादरम्यान कोसळून मरण पावली, आणि तिला मार्फान होते हे नंतर समजले. जो वर्ग हा आकडा छापून देतो, त्याने ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढे तरी लिहावे.

आता श्रेय द्यायचे ते देतो. घरचे आकडे घेऊन मी गेलो तेव्हा सरांनी वाद घातला नाही. ‘उद्या सकाळी सातला या, भिंतीवर घेऊ,’ म्हणाले, आणि पुन्हा पैसेही घेतले नाहीत. उंची १५३.०, पसारा १५४.८, माझ्या मापाशी दोन-दोन मिलिमीटरांच्या आत जुळले. तेव्हापासून हॉलच्या एका भिंतीवर पसाऱ्यासाठी आडवी पट्टी रंगवलेली आहे आणि मापन सरावाआधी होते. दर तीन महिन्यांनी फेरमापन १५० रुपयांत आहे, आणि पालकांनी पैसे खर्चायचेच असतील तर ते यावर खर्चावेत. एका मापापेक्षा वर्षभराची चार मापे मुलाच्या वाढीविषयी अधिक सांगतात. जाताना केस मोकळे सोडून जावे, कारण अंबाड्यावरून उंची घेतलेली मी तिथे पाहिली आहे. पावसाळ्यात हॉलच्या जिन्यावर पाणी साचते, तेव्हा बूट पिशवीत ठेवावेत.

त्याच कागदावर सरांनी आकडे पेनाने दुरुस्त केले, ‘उत्कृष्ट पोच’वर रेघ मारली आणि शेऱ्याची जागा मोकळी ठेवली. पुतणीने तो कागद घरी दाराच्या चौकटीवर चिकटवला असून पुढची तारीख ऑगस्टची आहे.