व्हर्च्युअल मशिनचा मॅक अ‍ॅड्रेस: कुठली स्क्रिप्ट कुणासाठी?

वेर्ण्यातला कारखाना असो की पणजीतलं हॉटेल, सर्व्हर रूममध्ये प्रश्न एकच येतो. स्विचच्या तक्त्यात एक मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख-पत्ता) दिसतोय, पण तो कुठल्या व्हर्च्युअल मशिनचा, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा? चार मशिनं असतील तर सेटिंग्जची खिडकी उघडून बघता येतं. तीस-चाळीस झाली की स्क्रिप्टच हवी. ती कुठल्या पद्धतीने लिहायची हे ठरवताय, त्यांच्यासाठी हा आढावा.

पहिला निवाडा सरळ आहे: विचारायचं हायपरव्हायजरला (व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला), मशिनच्या आतल्या विंडोजला किंवा लिनक्सला नाही. आत जाऊन 'गेटमॅक' किंवा 'आयपी लिंक' चालवायचं तर प्रत्येक मशिनचा पासवर्ड लागतो आणि मशिन चालू असावं लागतं. एआरपी तक्ता (आयपी आणि मॅक यांच्या जोड्यांची यादी) तर आपल्याच सबनेटपुरतं, म्हणजे नेटवर्कच्या आपल्या तुकड्यापुरतं, बोलतो. बंद पडलेलं, कुणीतरी विसरलेलं मशिन या दोन्ही वाटांनी सापडत नाही, आणि बहुतेक वेळा शोध नेमका त्याचाच असतो.

हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायजर) असेल तर वेगळं काही बसवायला नको. होस्टवर, म्हणजे मशिनं चालवणाऱ्या सर्व्हरवर, पॉवरशेल (मायक्रोसॉफ्टची कमांड-खिडकी) उघडा, 'गेट-व्हीएम'चा निकाल पाइपने 'गेट-व्हीएमनेटवर्कअ‍ॅडॅप्टर'ला द्या. मशिनचं नाव, मॅक अ‍ॅड्रेस आणि व्हर्च्युअल स्विच समोर येतात. पत्ता मात्र सलग १२ अक्षरांचा येतो, मध्ये ना कोलन ना डॅश. नव्या मशिनला पत्ता आपोआप मिळणार असेल तर पहिल्यांदा सुरू होईपर्यंत तिथे नुसती शून्यं दिसतात. ती चूक समजू नका.

हायपर-व्हीत आणखी एक गोष्ट तपासाच. आपोआप मिळणारा पत्ता ००:१५:५डी ने सुरू होतो; त्यानंतरचे दोन भाग होस्टच्या आयपीच्या शेवटच्या दोन भागांवरून बनतात आणि शेवटच्या भागात २५६ पत्ते मावतात. ही पट्टी हायपर-व्ही बसवतानाच ठरते. आता एका होस्टची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवली, तर पट्टीही तीच येते. वेर्ण्यातल्या एका कंपनीत हेच पाहिलं: बिलिंगचं मशिन मधूनच नेटवर्कवरून गायब व्हायचं, पिंगची दोन उत्तरं यायची, तिसरं नाही. स्विचवर एकच पत्ता कधी ३ नंबरच्या पोर्टवर दिसे, कधी ७ नंबरच्या. दोन्ही होस्टवर 'गेट-व्हीएमहोस्ट' चालवून किमान आणि कमाल मॅकचे रकाने शेजारी ठेवले, तर आकडे हुबेहूब सारखे. केबल बदलण्यात गेलेला वेळ एका ओळीने वाचला असता. म्हणून हायपर-व्हीची स्क्रिप्ट लिहाल तेव्हा ही ओळ त्यात हवीच. शिवाय आपोआप मिळालेला पत्ता मशिन दुसऱ्या होस्टवर नेऊन बंद-चालू केलं की बदलू शकतो. परवाना मॅकला बांधलेला असेल तर त्या मशिनला कायमचा पत्ता द्या.

व्हीएमवेअरला पॉवरसीएलआय (पॉवरशेलसाठी व्हीएमवेअरच्या कमांडचा संच) वेगळं बसवावं लागतं. ते पॉवरशेल ७ वर चालतं, त्यामुळे तुमचा लॅपटॉप लिनक्सचा असला तरी अडत नाही. 'गेट-व्हीएम'पुढे 'गेट-नेटवर्कअ‍ॅडॅप्टर' जोडलं की काम होतं. मशिनं शेकड्यांत गेली की मात्र हीच ओळ रेंगाळते. तिथे 'गेट-व्ह्यू' वापरून फक्त नाव आणि हार्डवेअरची माहिती मागवा, फरक लगेच जाणवतो. व्हीसेंटर (सगळ्या होस्टचा कारभार एका जागेवरून बघणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) असेल तर सगळे होस्ट एकाच प्रश्नात उत्तर देतात, आणि माझ्या मते हीच व्हीएमवेअरची खरी जमेची बाजू. व्हीसेंटरने दिलेला पत्ता सहसा ००:५०:५६ ने सुरू होतो, ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरव्हायजर) होस्टने स्वतः दिलेला ००:०सी:२९ ने.

प्रॉक्समॉक्स, म्हणजे लिनक्सवर चालणारा हायपरव्हायजर, वापरणाऱ्यांचं काम सगळ्यात हलकं. मशिनची मांडणी साध्या मजकूर फायलींत असते आणि क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटातल्या) प्रत्येक नोडवरून सगळ्यांच्या फायली दिसतात. एक 'ग्रेप' (मजकूर शोधणारी कमांड) पुरे, लहान-मोठी अक्षरं सारखी धरणारा पर्याय लावून. दोन सूचना: कंटेनरच्या (मशिनच्या हलक्या प्रकाराच्या) फायली वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, तिथेही शोधा, आणि त्याच फाईलमध्ये स्नॅपशॉटच्या (मशिनच्या साठवलेल्या जुन्या स्थितीच्या) नोंदीही असतात, म्हणून एकच पत्ता दोन-तीनदा दिसला तर घाबरू नका. ८.१ आवृत्तीपासून नवे पत्ते बीसी:२४:११ ने सुरू होतात. नुसतं केव्हीएम (लिनक्समधलाच हायपरव्हायजर) असेल तर 'व्हर्श' या कमांडने सगळ्या मशिनांची यादी काढून प्रत्येकावर 'डोमइफलिस्ट' फिरवा. तिथे ५२:५४:०० भेटेल.

मग निवड कशी करायची? एकच हायपरव्हायजर असेल तर त्याचंच साधन वापरा, बाहेरचं काही विकत घेऊ नका. मिश्र कारभार असेल, आणि गोव्यातल्या मध्यम कंपन्यांत जुना हायपर-व्ही आणि नवा प्रॉक्समॉक्स एकत्र नांदताना मी बघतो, तर प्रत्येकाची छोटी स्क्रिप्ट ठेवा पण निकाल एकाच सीएसव्हीत (तक्त्याच्या साध्या मजकूर फायलीत) ओता. ओतण्याआधी कोलन, डॅश, टिंबं काढून सगळी अक्षरं मोठी करा. सिस्कोचा स्विच चार-चार अक्षरांमध्ये टिंब देतो, विंडोज डॅश देतो; हे एकसारखं केलं नाही तर समोर असलेला पत्ताही सापडणार नाही. एकच पत्ता दोन मशिनांपुढे आला तर स्क्रिप्टने ओरडून सांगावं, एवढी एक अट त्यात घालाच.

स्क्रिप्टला फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं खातं द्या आणि ती रोज रात्री चालवा. फाईल त्याच होस्टवर ठेवू नका. पावसाळ्यात लाईट गेली, यूपीएस संपला आणि व्हीसेंटरच उठेना, तर ती यादी तुमच्या लॅपटॉपवर उघडता आली पाहिजे.