स्टेजवर बर्फ पाडायचाय: स्नो मशीन आणावं की झोळी बांधावी?

नाटकात किंवा गॅदरिंगला बर्फ पाडायचा म्हटलं की हल्ली सगळे थेट स्नो मशीन भाड्याने आणायला निघतात. दुसरा पर्याय जुना, कापडाची झोळी आणि कागदाचे तुकडे. मी दोन्ही वापरलंय आणि त्रास दोन्हीकडे आहे, कुठला परवडतो ते तुमचं तुम्ही बघा.

दिसायला मशीन भारी, यात वाद नाही. फेसाचे बारीक पुंजके पडता पडता बरेचसे विरून जातात, नंतर झाडायचं काही नाही. पण त्यासाठी वर उंची हवी. मशीन विंगेत स्टँडवर ठेवलं तर फेस विरायच्या आधीच खाली येतो आणि फ्लोअर निसरडा, त्यामुळे नाचाच्या आयटमला मी तरी मशीन लावणार नाही.

माझं मन मात्र फ्लोअरमुळे नाही, आवाजामुळे उडालं. आत पंखा असतो, तो जोरात हवा मारतो तेव्हाच लिक्विडचा फेस होऊन बाहेर उडतो, म्हणजे बर्फ पाहिजे तर घरघर आलीच. आणि बर्फाचा सीन असतो कसला, तर कोणीतरी गेलंय किंवा सोडून चाललंय आणि स्टेजवर कोणी बोलत नाहीये. त्यात आपल्याकडे नाटकाला बऱ्याच ठिकाणी वर टांगलेले माइक नाहीतर कडेला फूटमाइक, ते बिचारे जे मिळेल ते उचलतात, नटाची कुजबुज मागे पोचावी म्हणून साउंडवाल्याने फेडर (आवाज कमी-जास्त करायचा खटका) वर केला की घरघरही तेवढीच वर. आमच्या प्रयोगात शेवटच्या रांगेला वाटत होतं शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी मिक्सरवर चटणी वाटतंय. म्युझिक टाकून झाकता येतं, पण मग ती शांतता गेली ना. जपानच्या पारंपरिक काबुकी नाटकात बर्फाला आवाज देतात तोही मोठ्या ढोलावर मऊ टोकाच्या काठीने हळू ठोके देऊन, आणि बर्फ म्हणजे वर टांगलेल्या बांबूच्या टोपल्या हलवून पाडलेला कागद.

आवाज कमी असलेली किंवा लांब पाइपमधून बर्फ वर नेणारी मशीन्सही येतात, बजेट असेल तर जरूर बघा, माझं नव्हतं.

झोळीचं काम सोपंय. स्टेजच्या वर टांगलेल्या दोन बारच्या (आडव्या दांड्यांच्या) मध्ये लांब कापड, त्याच्या एकाच बाजूला चिरा, एक बार फिक्स आणि दुसऱ्याला दोरी, ती विंगेतून हलवली की कागद गळायला लागतो. कागद पतंगाचा किंवा टिश्यूचा घ्या, झेरॉक्सचा धपकन खाली येतो. वर लाइट तापलेले असतात म्हणून आग न पकडणारा केलेला मिळाला तर तोच. थर्माकोल नकोच, पटकन पेटतो आणि कपड्याकेसांना चिकटून बसतो.

झोळीची कटकटही आहे. सीन संपला तरी वर अडकलेला एखादा तुकडा पुढच्या सीनला दिवाणखान्यात तरंगत येतो आणि लोक हसतात. झाडायला माणूस लागतो, एकांकिका स्पर्धेत सेट काढायला मोजून वेळ मिळतो तिथे तर हे जड जातं. आणि झाडलेला कागद परत झोळीत भरू नका, त्यात टाचण्या, खिळे, धूळ सगळं येतं आणि ते नटांच्या डोक्यावर, डोळ्यात पडतं. पंखे बंद, एसीचा झोत कुठे येतो तेही आधी बघून ठेवा, दोन्ही प्रकारांना लागू.

लाइट समोरून मारलात तर दोन्ही बर्फ सारखेच फिके दिसतात. बाजूने किंवा मागून मारा, मग साधा कागदसुद्धा चमकतो आणि मशीनची निम्मी आघाडी तिथेच जाते.

ओपन एअर कार्यक्रम, जोरात गाणी, पोरांची धमाल असेल तर मशीन घ्या, घरघर कोणाला ऐकू येणारे. संवादांचं नाटक असेल तर मी तरी झोळीच बांधीन. फक्त दोरीवरचा माणूस तालमीपासून एकच ठेवा, ऐनवेळी विंगेत मोकळा दिसला त्याला धरलं की तो गोणी झटकल्यागत सगळा कागद एकदम ओततो.