बचावपटूने क्लब बदलत जावं की एकाच ठिकाणी राहावं?

फुटबॉलच्या खालच्या विभागात खेळणाऱ्या सेंटर बॅकला, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, करार संपत आला की हा प्रश्न पडतोच. मी आधी तीन वर्षांत तीन क्लब केले, मग एकाच क्लबमध्ये नऊ हंगाम काढले. त्यातले सहा कर्णधार म्हणून. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो.

क्लब बदलणाऱ्याला पैसे बहुधा जास्त मिळतात, आणि वरच्या विभागाची दारंही उघडू शकतात. ग्रॅहम अलेक्झांडर हा खेळाडू स्कन्थॉर्प, ल्यूटन, प्रेस्टन हे इंग्लिश क्लब करत बर्नलीला पोहोचला आणि २००९ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या विभागात, पहिल्यांदा उतरला. पण तोही दरवर्षी बॅग भरत नव्हता. एकट्या प्रेस्टनलाच आठ वर्षं होता.

मला नकोसं झालं ते एकाच गोष्टीमुळे: दर उन्हाळ्यात नवी बचावफळी. ऑफसाइडची रेषा (चेंडू पास होताना समोरचा स्ट्रायकर जिच्या पुढे असला तर नियमबाह्य ठरतो ती) बचावातल्या चौघांची असते आणि सगळ्यात उशिरा निघणाऱ्याच्या पायावर ठरते. मी ‘वर चला’ ओरडायचो, उजवीकडचा नवा बचावपटू आधी माझ्याकडे बघायचा, मग निघायचा. तेवढ्यात स्ट्रायकर मोकळा. तिसऱ्या क्लबमध्ये तर एका उंच चेंडूवर मी आणि गोलकीपर दोघंही झेपावलो आणि चेंडू आमच्यामधून जाळ्यात गेला. तो ‘माझा’ म्हणाला होता, पण त्याचा आवाज माझ्या कानाला अजून ओळखीचा झाला नव्हता. ही ओळख व्हायला मला दर वेळी अर्धा हंगाम लागला, आणि तोवर पुढच्या कराराची बोलणी सुरू झालेली असायची. पुढे नऊ वर्षांच्या मुक्कामात गोलकीपर पुढे येतोय की नाही, हे मला त्याच्या पावलांवरून कळायचं.

राहणाऱ्याचीही हमी नसते. प्रशिक्षक बदलला की कर्णधाराची पट्टी जाऊ शकते. माझी एकदा जाता जाता राहिली. तरी स्विंडन या इंग्लिश क्लबचा बचावपटू जॉन ट्रोलप आठवतो: १९६० ते १९८०, एकाच क्लबसाठी लीगचे ७७० सामने. आणि १९६९ मध्ये, संघ तिसऱ्या विभागात असताना, आर्सेनलला ३-१ हरवून लीग कप जिंकणाऱ्या अकरांतही तो होता.

तुम्ही विशीत असाल आणि बाकावर बसून असाल तर जा. खेळायला मिळणं आधी. नियमित खेळत असाल, तर मी तरी राहीन. जायचंच ठरलं, तर सही करण्यापूर्वी एवढं विचारा: गोलकीपरचा आणि शेजारच्या सेंटर बॅकचा करार किती वर्षांचा उरलाय?