आयव्हीआयजी इंजेक्शन स्वस्तात देतो म्हणून आमचे 79,850 रुपये खाल्ले, पेशंट घरात असेल तर वाचा

भाचीचं प्रिस्क्रिप्शन मोबाईल नंबरसकट फेसबुकवर टाकलं, तिथूनच सगळं सुरू झालं. टाकलं मीच. पण 13 वर्षांची पोरगी आयसीयूत असली की माणूस सुचेल ते करतो, त्यामुळं कमेंटमध्ये अक्कल शिकवू नका.

पोरीची आधी झोप उडाली, मग काहीबाही बडबड, मग तोंडाच्या विचित्र हालचाली आणि फिट. पाहुणे 'बाहेरचं हाय' म्हणून मोकळे, एक डॉक्टर म्हणाले मानसिक, एमआरआय नॉर्मल. शेवटी पाठीतलं पाणी तपासल्यावर अँटी एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची सूज, निघाला आणि सोनोग्राफीत ओव्हरीला गाठ, टेराटोमा. कॅन्सर नव्हे, पण असल्या गाठीत केस, दात, अगदी मेंदूसारखा टिश्यूसुद्धा असतो, शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि त्या जाऊन मेंदूलाच भिडतात. 2007 मध्ये डॉ. डालमाऊंच्या टीमनं हे शोधलं. गाठ काढायची, स्टेरॉइड द्यायचं आणि आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून द्यायच्या. किलोला 2 ग्रॅम, पोरगी 35 किलोची, म्हणजे 70 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 14 बाटल्या. मेडिकलवाल्यानं एकीला 12,400 सांगितले. करा हिशेब.

पोस्ट टाकली त्याच रात्री फोन आला. 'सर, मुंबईच्या डिस्ट्रिब्यूटरकडून बोलतोय, पेशंट 35 किलो, 14 व्हायल ना? 7,800 नं देतो.' एवढं अचूक बोलला की आम्हाला वाटलं माणूस लाईनमधला आहे. अरे, माझ्याच पोस्टवरनं वाचून दाखवत होता तो!! निम्मे आधी म्हणून 54,600 पाठवले, ताईच्या पाटल्या गुजरीत सराफाकडे गहाण ठेवून. मग कोल्ड बॉक्सचं डिपॉझिट 6,500. मग जीएसटी बिल अडकलंय म्हणून 18,750.

दुसऱ्या पेमेंटच्या आधी त्यानं माल पॅक केल्याचा फोटो टाकला होता. चादरीवर बाटल्या. 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं औषध आणि चादरीवर, बर्फाचा पत्ता नाही! आणि बॉक्सवर काय होतं? ह्युमन अल्ब्युमिन, म्हणजे वेगळंच औषध. मी फोटो झूम केला, 'ह्युमन' वाचलं आणि पुढं वाचलंच नाही, कारण इम्युनोग्लोब्युलिनवर पण ह्युमन लिहिलेलं असतं. तो फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, बघितला की डोकं फिरतं. यूपीआयवर कंपनीचं नाव नव्हतं, कुठल्यातरी बाईचं होतं. ते दिसलं होतं, 'अकाउंटंट आहेत' म्हणाला. रात्री दोनला आयसीयूच्या बाहेर बसून कोण एवढं तपासतो सांगा.

फोन बंद झाल्याबरोबर 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावला, तक्रार नोंदवली. तुम्ही पण तेच आधी करा, पैसा पुढं सरकायच्या आत, स्टेशनला नंतर जावा. आम्ही गेलो तर म्हणे आधी बँकेत जा. बँकेत साहेब म्हणतात 'पिन तुम्हीच टाकलाय, आमचा काय संबंध.' परत स्टेशनला, तर आरोपी मुंबईचा, हद्द आमची नाही. गुन्हा कुठं का घडेना, माहिती नोंदवून घ्यावी लागते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे, मी प्रिंट घेऊन गेलो तर हवालदार म्हणाला 'तुम्ही वकील आहात काय?' आणि एकजण मला विचारतो, पोरींना कुठं गाठ होते का ओव्हरीची, एवढ्या लहान वयात, नक्की कुठला आजार सांगताय. तक्रार पैशाची आणि चौकशी माझ्या भाचीची.

प्रिस्क्रिप्शन कुठंही टाकू नका, टाकलंच तर नंबर आणि वजन झाकून. औषध बॅच नंबरच्या पक्क्या बिलावरच घ्या, आणि तुमच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय कुणालाही रुपया नको. डिपॉझिट शब्द आला की फोन कट करा. पाहुण्यांनो, पोर अचानक बडबडायला लागली तर अंगारा नंतर, आधी न्यूरोलॉजिस्ट गाठा.

पोरीचं ऑपरेशन झालं, औषध शेवटी मेडिकलमधूनच 12,400 नं घेतलं, आता ती नाव सांगते, ताईला ओळखते. पैशातले फक्त ते डिपॉझिटचे 6,500 कुठल्यातरी खात्यात होल्डवर सापडलेत. ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणतात, आणि वकील त्याचे 5,000 मागतोय.