मोठ्या अक्षरांचं मराठी पवित्र शास्त्र: आठ महिने वापरल्यावर

हे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी माझ्यासाठी घेतलं नाही. शेजारच्या मैत्रिणीसाठी घेतलं. आठ महिने ते तिच्या घरात, तंबाखूच्या धुळीत रोज उघडलं गेलंय, म्हणून आता लिहिते.

तिचा नवरा यंत्रमागावर होता. मालकानं माग भंगारात घातले, आणि दोन महिन्यांत नवऱ्याला लकवा मारला. तेव्हापासून घर तिच्या बिड्यांवर. हजार बिड्या वळल्या की दिवसाची मजुरी, त्यातून छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की तेवढं कमी. सकाळपासून सूप मांडीवर. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "अक्का, तुझा मुलगा गेला तेव्हा तू कशी राहिलीस गं?" मी म्हटलं, "एकटी असते तर राहिलेच नसते." ती पद्मशाली, तेलुगू विणकर समाजातली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ बघायला जाते, अजूनही जाते. तिनं विचारलं म्हणून मी माझ्या देवाबद्दल सांगायला लागले.

सुरुवातीला माझं चुकलंच. माझी जुनी बारीक अक्षरांची प्रत घेऊन जायचे आणि गोड गोड वचनं वाचून दाखवायचे. देव बघून घेईल, सगळं नीट होईल. ती ऐकून घ्यायची. एके दिवशी मान वर न करता म्हणाली, "दुकानदार थांबत नाही, अक्का."

त्या रात्री मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक काढलं. त्याची सगळी लेकरं गेली, अंगभर फोड आले, तेव्हा तीन मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. कुणी एक शब्द बोललं नाही. ते बोलायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर. दुसऱ्या दिवशी मी गेले, तिच्याजवळ बसले आणि भिजवलेली पानं कापून देत राहिले. चार दिवस तेवढंच केलं. पाचव्या दिवशी तिनंच विचारलं, "आज वाचणार नाहीस?"

मी तेरावं स्तोत्र वाचलं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा एकच प्रश्न आहे: कुठवर? तिचे हात थांबले. "असं देवाला विचारलेलं चालतं?" चालतं म्हटलं, त्याच्याच पुस्तकात लिहून ठेवलंय. दीडशे स्तोत्रांत रडगाणी कितीतरी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटीसुद्धा उजेड नाही. ते तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग तिला स्वतः वाचायचं होतं. घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठी, त्यामुळे वाचता चांगलं येतं. अडचण डोळ्यांची. रविवारी चर्चच्या आवारात पुस्तकांचं टेबल लागतं, तिथं ही मोठ्या अक्षरांची प्रत मिळाली. साडेसहाशे रुपये, दोन हप्त्यांत दिले.

अक्षर शाळेच्या पुस्तकाएवढं ठसठशीत आहे. तिला चाळीसच्या बल्बखाली चष्म्याशिवाय वाचता येतं. आणि शिवण अशी की पाटावर उघडून ठेवलं की सपाट राहतं, मिटत नाही. दोन्ही हात बिडीला मोकळे. माझ्या जुन्या प्रतीवर कात्री ठेवावी लागायची. कडेला अंगठ्याच्या खाचा आहेत, पुस्तकांची नावं लिहिलेली. सहासष्ट पुस्तकांत वाट शोधायला नवख्या माणसाला त्यांचा फार उपयोग. स्तोत्रांची खाच तिला आता न बघता सापडते, तिथं तंबाखूचा तपकिरी डाग पडलाय.

उणं काय, तर कागद पातळ. मागची अक्षरं दिसतात, ओलं बोट लागलं की फाटतो. एक पान आम्ही चिकटपट्टीनं जोडलंय. वजन बरंच आहे, तिच्या नवऱ्याला एका हातानं धरवत नाही. आणि अवघड शब्दांचे अर्थ मागे कुठंच दिलेले नाहीत. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो" इथं ती अडली. मी म्हटलं, पाठीवर सुताचं बाचकं घेऊन जिना चढणारा हमाल आठव. ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "मग हे मलाच म्हटलंय."

पंडिता रमाबाईंनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल उतरवलं. हे भाषांतर त्यांचं नाही. पण नवऱ्याला पुण्याला दाखवायला रेल्वेनं गेलो तेव्हा दौंडनंतर केडगाव आलं, आणि मी तिला खिडकीतून दाखवलं, इथं त्यांचं मुक्ती मिशन. मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली, तरी बाईंनी काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या, बायबल छापून आलं 1924 मध्ये. ती केडगाव मागे पडेपर्यंत बाहेर बघत होती.

कुणाला अडचणीत ही प्रत देणार असाल तर पहिल्या पानापासून सुरू करायला लावू नका. 1 राजे, अध्याय 19 काढा. एलीया हा देवाचा संदेष्टा जिवाच्या भीतीनं पळाला, झुडपाखाली पडून म्हणाला, आता पुरे, मला मरण दे. देवानं त्याला उपदेश केला नाही. दूत आला, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, उठवून परत खायला दिलं. हे ऐकून ती कित्येक महिन्यांनी हसली. "निखाऱ्यावरची भाकर?" म्हणत उठली आणि माझ्यापुढं कडक भाकरी नि शेंगाचटणी ठेवली.

त्यानंतर 2 करिंथ, अध्याय 12. येशूचा प्रेषित पौल, त्यानं देवाकडे तीनदा मागितलं की माझ्या शरीरातला काटा काढ. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. मी तिला सरळ सांगितलं, तुझ्या नवऱ्याचा हात कदाचित हलणारही नाही. माझ्या मुलासाठी मी रात्र रात्र मागितलं, तो वाचला नाही. तरी मी रोज सकाळी त्याच देवाशी बोलते, आणि त्या बोलण्यावरच माझा दिवस उभा राहतो. यातलं काही मी तिच्यापासून लपवलं नाही.

आता ती पहाटे, पानं भिजत घातल्यावर, नवऱ्याला एक स्तोत्र वाचून दाखवते. खूण म्हणून बिडीचा दोरा घालते. सासूबाईंना फक्त तेलुगू येतं, त्यांनाही अशीच मोठ्या अक्षरांची प्रत हवी आहे. येत्या रविवारी टेबलावर विचारणार आहे.