डी.मिन. की एम.टीएच.? पाळक मित्राच्या प्रश्नावर

आमचा एक पाळक मित्र, पंधरा वर्षं चर्चची मंडळी सांभाळतोय, आता म्हणतो पुढे शिकायचंय पण डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री, सेवेतल्या पाळकांसाठीची पदवी) करू की एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी, ईश्वरविज्ञानातली पदव्युत्तर पदवी)? त्याला माझं उत्तर हे.

वेळेचं बघ आधी. एम.टीएच. म्हणजे साधारण दोन वर्षं सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, मुक्काम, म्हणजे मंडळी दुसऱ्याकडे सोपवायची, घरभाड्याचं आणि पोरांच्या शाळेचं वेगळंच. डी.मिन. बहुतेक ठिकाणी काम चालू ठेवून होते, वर्षातून एक-दोनदा आठवडाभराचे क्लास आणि बाकी वाचन रात्री, शनिवारी प्रवचनाची तयारी संपल्यावर (संपली तर!).

अभ्यासात खरा फरक आहे. एम.टीएच.ला जुना किंवा नवा करार (बायबलचे दोन भाग) विषय घेतलास तर हिब्रू, ग्रीक पक्कं लागतं, प्रबंध ग्रंथालयात बसून लिहायचा. डी.मिन.चा प्रोजेक्ट तुझ्याच मंडळीतला, उदाहरणार्थ तरुण पोरं उपासनेला का येत नाहीत. पण डी.मिन.ला आधी एम.डिव. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) आणि काही वर्षांचा सेवेचा अनुभव मागतात, तुझं बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) चालेल का ते फॉर्म भरायच्या आधी लेखी विचार.

खर्च? परदेशातली डी.मिन. रुपयात मोजली की घाम फुटतो.

सेमिनरीत शिकवायचं असेल तर सेरामपूरची (बंगालमधलं जुनं ख्रिस्ती विद्यापीठ) एम.टीएच. घे, पुढे डॉक्टरेटची वाट तिथूनच. मंडळी सोडायची नसेल तर डी.मिन., पण निव्वळ नावापुढे डॉक्टर लावायला म्हणून करू नको.